पडलेल्या गाडीचा इतिहास

मोटारसायकलींचा इतिहास बहुतेक वेळा कंपनीच्या बाजूने लिहिला जातो. कोणत्या साली कोणती गाडी बाजारात आली, तिचे इंजिन किती सीसीचे होते, ती किती पळत असे आणि कधी बंद झाली, एवढे सांगितले की तो संपतो. गाडी पडल्यावर तिचे पुढे काय होते, हे त्यात नसते. आपल्याकडे मात्र पडलेली गाडी सहसा टाकून देत नाहीत. वाकलेला फोर्क आणि फुटलेले फेअरिंग घेऊन ती टेम्पोतून एखाद्या गल्लीत येते आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा रस्त्याला लागते. त्या मधल्या काळाची नोंद कुणी ठेवत नाही.

अकोल्यात अशा बऱ्याच गल्ल्या जुन्या शहरात आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अकोल्याच्या मधून मोर्णा नदी वाहते. रेल्वे स्टेशन आणि कचेऱ्या पूर्वेला, तर असदगड किल्ल्याचे अवशेष, दहीहांडा वेस, अगर वेस आणि राजराजेश्वराचे मंदिर असलेले जुने शहर पश्चिमेला. औरंगजेबाच्या काळात असद खानाने ज्या वस्तीला तट घातला, तीच ही वस्ती. तट बराचसा पडला, वेशींची नावे राहिली. आज त्या वेशींच्या आसपास गॅरेजे, लेथची दुकाने, सीट शिवणारे, रंग मारणारे आणि भंगारवाले जवळजवळ बसतात.

मुसलमान पोरांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवण्याची एक रीत अलीकडे समाजमाध्यमांवर पडली आहे. त्या शब्दाला उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत नाही. पंक्चर काढणे हे कष्टाचे काम आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण हा शब्द वापरणाऱ्यांना त्या गल्लीत नेमके काय चालते हे ठाऊक नसते. मलाही ते नीट कळले, ते माझ्या भाच्याची गाडी पडल्यावर. त्याआधी थोडा मागचा इतिहास पाहू.

वेगासाठी बनवलेली गाडी

आज ज्याला आपण स्पोर्ट बाइक म्हणतो, तिचे मूळ शर्यतीत आहे. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ साली टीटी शर्यत सुरू झाली. शर्यतीत पळणारी गाडी सामान्य माणसाला विकत मिळावी, ही कल्पना तिथून बळावली. १९२४ साली जॉर्ज ब्रॉ यांच्या कंपनीने 'ब्रॉ सुपिरिअर एसएस १००' ही गाडी काढली. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेगाची हमी देऊन ती विकली जाई.

या गाडीचा सर्वांत प्रसिद्ध ग्राहक म्हणजे टी. ई. लॉरेन्स. अरबांच्या उस्मानी सत्तेविरुद्धच्या बंडात ब्रिटिशांच्या वतीने वावरलेला हा माणूस मुस्लिम वाचकांना वेगळ्याच कारणाने माहीत आहे. १९२७-२८ मध्ये तो ब्रिटिश हवाई दलातला साधा शिपाई म्हणून कराची आणि मीरानशाह येथेही होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट भागात, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना त्याची ब्रॉ सुपिरिअर घसरली. डोक्याला मार लागून १९ मे रोजी तो वारला. गाडीचे नुकसान त्या मानाने कमी होते. ती दुरुस्त झाली, पुन्हा रस्त्यावर आली आणि आजही जपून ठेवलेली आहे. लॉरेन्सवर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी नंतर मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचा फायदा दाखवणारा लेख प्रसिद्ध केला. आज आपल्या डोक्यावर हेल्मेट आहे, त्यामागे त्या अपघाताचाही वाटा आहे.

गाडीला प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे अंग चढवण्याची कल्पनाही शर्यतीतलीच. १९५०च्या दशकात इटलीच्या मोटो गुझ्झीने स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बांधून त्यात गाड्या तपासल्या. पुढचे चाक पूर्ण झाकणारी फेअरिंगे तेव्हा शर्यतीत दिसू लागली. वेग वाढला, पण आडवा वारा आला की गाडी ढकलली जाई. १९५७च्या मोसमानंतर चाक झाकणाऱ्या फेअरिंगवर बंदी आली. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने 'आर १०० आरएस' या रस्त्यावरच्या गाडीला कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग दिले. १९८५ मध्ये सुझुकीची 'जीएसएक्स-आर ७५०' आली आणि शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी, तशीच हलकी गाडी दुकानात मिळू लागली.

त्याच सुमारास चेसिसही बदलली. स्पेनचे अभियंता अँटोनिओ कोबास यांनी हँडलच्या मानेपासून मागच्या चाकाच्या दांड्यापर्यंत दोन रुंद पट्ट्या सरळ नेणारी चौकट वापरात आणली. यामाहाने अशाच घडणीच्या आपल्या चौकटीला 'डेल्टाबॉक्स' असे नाव दिले. जुन्या गाडीची चेसिस गोल पाइपांची असे. ती वाकली तर डोळ्याला दिसे. पेटीसारख्या चेसिसचे तसे नाही. ती मजबूत असते, पण तिला बसलेला मार वरून सहजी कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडेल.

आपल्याकडच्या गाड्या

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे तीन-चार नावे होती. १९५५ पासून मद्रासची एनफिल्ड, १९६१ पासून म्हैसूरची जावा आणि तीच पुढे येझदी, आणि पोलंडच्या 'एसएचएल एम-११' वर आधारलेली एस्कॉर्ट्सची राजदूत १७५. बाहेरच्या गाड्या आणि त्यांचे भाग आणणे परवान्यांच्या काळात जवळपास अशक्य होते. त्यामुळे मोडलेला भाग बदलण्यापेक्षा दुरुस्त करण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. झिजलेल्या सिलिंडरला बोअर मारून मोठा पिस्टन बसवणे, क्रँक उघडून पुन्हा फिट करणे, तुटलेला लिव्हर लेथवर नव्याने घडवणे ही कामे मिस्त्री लोक याच काळात शिकले.

वऱ्हाडात हे कौशल्य आयते सापडण्याचे आणखी एक कारण आहे. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि अकोल्याच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, पुढे सावतराम मिलसारखी कापड गिरणीही आली. यंत्रे आली की फिटर, टर्नर आणि लोहार लागतातच. मी ज्या मिस्त्रींविषयी पुढे लिहिणार आहे, त्यांचे आजोबा जिनिंगमध्ये फिटर होते. वडील सायकली आणि नंतर लुना दुरुस्त करीत. घरातली अवजारांची पेटी तीच राहिली, यंत्रे बदलत गेली.

१९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने 'राजदूत ३५०' आणली. यामाहाच्या आरडी ३५० चे ते भारतीय रूप. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. आपल्या रस्त्यांवर त्या वेळी एवढी चपळ गाडी दुसरी नव्हती. पण तिला पुढे डिस्क ब्रेक नव्हता, पेट्रोल भरपूर लागे आणि सुटे भाग महाग होते. दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मागे राहिलेल्या गाड्या कंपनीच्या आधाराशिवाय जगवायच्या होत्या. तिच्या दोन कार्ब्युरेटरचा मेळ कानाने लावावा लागे. मिस्त्री सांगतात की त्यांचे उस्ताद गाडी चालू करून डोळे मिटून बसत आणि शागिर्दाला आवाज कोणत्या बाजूला जड आहे ते विचारत. उत्तर बरोबर येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात मिळत नसे.

१९८५ मध्ये आलेल्या 'आरएक्स १००' ने वेगाची हौस मध्यमवर्गीय घरात आणली. ९८ सीसी आणि अकरा अश्वशक्ती, पण वजन कमी. ती १९९६ पर्यंत बनत राहिली. मग धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली मागे पडल्या. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड, २००१ मध्ये बजाजची पल्सर, २००३ मध्ये अर्धे फेअरिंग असलेली करिझ्मा आणि २००८ मध्ये यामाहाची आर १५ आली. आर १५ मध्ये १४९.८ सीसीचे पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर, पूर्ण फेअरिंग आणि डेल्टाबॉक्स चेसिस होती, आणि किंमत लाखाच्या आसपास. शर्यतीच्या गाडीची घडण अशी अकोल्यासारख्या शहरातल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत पोहोचली.

भाच्याची गाडी

माझ्या भाच्याकडे २०१८ ची आर १५ होती. २०२३च्या हिवाळ्यात तो अमरावतीहून अकोल्याला येत होता. हा रस्ता आता प्रसिद्ध आहे. जून २०२२ मध्ये त्याच्या ७५ किलोमीटरच्या पट्ट्यावर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. मूर्तिजापूर सोडून बोरगाव मंजूकडे येताना संध्याकाळी शेतातून एक रोही आडवा आला. बाहेरचे लोक ज्याला नीलगाय म्हणतात, तोच. गाडी रोह्यावर आदळून पन्नास-साठ फूट घसरत गेली. हेल्मेट आणि जॅकेट असल्यामुळे भाचा मनगट मोडण्यावर निभावला. रोही उठून निघून गेला.

गाडी बघवत नव्हती. फेअरिंगचे तुकडे गोणीत भरून आणले होते. पुढचे चाक रेडिएटरला टेकले होते.

पहिला प्रश्न विम्याचा आला. मोटार वाहन कायद्याने दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र ऐच्छिक आहे आणि पहिल्या वर्षानंतर तो पुष्कळ लोक पुढे चालू ठेवत नाहीत. भाच्याचेही तसेच होते.

पण तो विमा असता तरी हिशेब सोपा नव्हता. चार ते पाच वर्षांच्या गाडीची विमा-किंमत नव्या गाडीच्या निम्मी धरतात. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत निघते. समजा नवी गाडी १,८०,००० रुपयांची आहे, तर विमा-किंमत ९०,००० आणि मर्यादा ६७,५०० रुपये. शिवाय घसाऱ्याची सवलत घेतलेली नसेल, तर प्लास्टिकच्या भागांवर निम्मी रक्कमच मिळते. स्पोर्ट बाइक म्हटली की बाहेरून दिसते ते सगळे प्लास्टिकच. साधी १०० सीसीची गाडी पडली तर इंडिकेटर आणि लिव्हर जातात. ही गाडी उभ्याउभ्या पडली तरी हजारोंचे फेअरिंग जाते. म्हणूनच अशा गाड्या शोरूममधून निघून जुन्या शहराच्या वाटेला लागतात.

मिस्त्रींनी गाडी आधी नुसती उघडली. दोन दिवस दुरुस्तीचा एक शब्द काढला नाही. फेअरिंग, टाकी, सीट, वायरिंग आणि रेडिएटर उतरवून इंजिन खाली ठेवले. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट ज्या जागेचा, त्या जागेच्या नावाने पुठ्ठ्यावर खोचला. फोर्कचे पाइप जाड काचेवर लोटून पाहिले. सरळ पाइप काचेवर सारखा लोळतो, वाकलेल्याखाली उजेडाची फट उघडमीट करते. दोन्ही पाइप गेले होते. ज्यात ते बसतात ती 'टी' पिळली होती. अलॉय रिमला चीर होती. "स्पोकचे रिम ओढून सरळ होते, अलॉयला गरम करून मारले तर ते पुढे कधी फुटेल सांगता येत नाही," म्हणून ते बाजूला टाकले.

मग चेसिस. मागच्या चाकापासून दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून पुढे आणल्या आणि मानेच्या मध्यापासूनचे अंतर मोजले. एका बाजूला फरक निघाला. त्यांनी मानेच्या जोडाजवळचा रंग घासला. रंगाखाली पत्र्याला केसाएवढी सुरकुती होती आणि वेल्डिंगच्या कडेला चीर सुरू झालेली. वर सांगितलेली गोष्ट ती हीच. बाहेरून चेसिस चांगली दिसत होती.

भाचा म्हणाला, "उस्ताद, वेल्डिंग मारून द्या ना. हळू चालवीन."

ते म्हणाले, "सीधी करके दूंगा तो सीधी दिखेगी बेटा, रहेगी नहीं."

नंबराचा प्रश्न

आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे कंपनीकडून नवी चेसिस मागवायची, आरटीओची परवानगी घ्यायची आणि तशी नोंद करून घ्यायची. यात पैसा जातो आणि महिने जातात. दुसरी वाट स्वस्त. भंगारातून तशाच गाडीची चेसिस आणायची आणि तिच्यावर आपल्या गाडीचा नंबर उठवायचा. हा सरळसरळ गुन्हा आहे. पण तो होतो, हेही खरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. ते फार थोडे लोक करतात. त्यामुळे मेलेल्या गाड्यांचे नंबर कागदावर जिवंत राहतात आणि चोरीच्या गाड्यांना ते उपयोगी पडतात.

भाच्याच्या एका मित्राने ही दुसरी वाट सुचवली. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि गाडी घेऊन दुसरीकडे जायला सांगितले. मी नंतर विचारले तेव्हा त्यांनी दोन कारणे दिली. पहिले असे की ही गाडी उद्या भाचा विकणार. ती घेणाऱ्याला खाली काय आहे ते दिसणार नाही. तो मिस्त्रीच्या भरवशावर बसणार, म्हणजे त्याचा जीव मिस्त्रीकडे अमानत आहे. दुसरे कारण त्यांनी हळू आवाजात सांगितले. गाडी चोरीची निघाली तर इतरांना पोलीस बिल विचारतात, आमच्या गल्लीत आले तर आधी नाव विचारतात. म्हणून त्यांच्याकडे १९९८ पासूनच्या वह्या आहेत. कोणती गाडी, इंजिन आणि चेसिस नंबर, काय बदलले, जुना भाग कोणाला दिला. काही उर्दूत, काही मराठीत.

त्या वह्या मी चाळल्या. माझ्या मते तो अकोल्याच्या मोटारसायकलींचा इतिहासच आहे. पहिल्या वहीत राजदूत, येझदी आणि आरएक्स १००. मग पल्सर. २०१०च्या पुढे आर १५ आणि तिच्या नावापुढे वारंवार तेच शब्द, 'सामने का मार'. काही ओळींवर आडवी रेघ आणि शेरा, 'काम नहीं किया'. मी मोजल्या नाहीत, पण एका वहीत अशा बऱ्याच होत्या. धंद्यात नाकारलेल्या कामाची नोंद कोण ठेवतो?

सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले आणि ज्या व्यवसायांत ते विशेष दिसतात त्यांत वाहनांची विक्री व दुरुस्ती यांचाही उल्लेख केला. अहवालाने गरिबी आणि शिक्षणाचा अभाव दाखवला, ते आवश्यकच होते. पण आकडेवारीत हे येत नाही की या व्यवसायात शिक्षण असते. त्याला प्रमाणपत्र नसते, एवढेच. आठ-दहा वर्षे शागिर्दी केलेला माणूस काचेवर पाइप लोटून जे ओळखतो, ते कागदावर अकुशल किंवा अर्धकुशल श्रम म्हणून नोंदले जाते.

नवी चेसिस यायला आणि कागद व्हायला चार महिने लागले. नवे फोर्क पाइप, ऑइल सील, टी, कोनसेट आणि रिम बसले. रेडिएटर नवा आला. फेअरिंग मात्र जुनेच. गोणीतले तुकडे जमिनीवर नकाशासारखे मांडून, आतून बारीक जाळी वितळवून बसवत एका पोराने आठवडाभर ते जोडले. मग लांबी, घासकाम आणि रंग. जुनी चेसिस मिस्त्रींनी मानेपाशी कापून दोन तुकडे केली आणि मगच भंगारात दिली. ती पुन्हा कुणाच्या गाडीखाली जाऊ नये म्हणून.

पहिली चक्कर त्यांनी स्वतः मारली. डाबकी रोडने जाऊन परत आले, पुढचा ब्रेक दाबून पाहिला, हँडलवरची पकड सैल करून गाडी कुठे ओढते का ते पाहिले. मागची चेन अर्धा आटा आवळली आणि किल्ली भाच्याच्या हातात दिली.

पुढे काय

हे काम अजून किती दिवस चालेल, याची मला शंका आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि साध्या गाड्यांतही इंधनाचे इंजेक्शन व सेन्सर आले. जीव वाचवण्यासाठी आणि हवेसाठी हे चांगलेच झाले. पण एबीएसमधला दोष कानाने कळत नाही, त्याला स्कॅनर लागतो. तो विकत घ्यायचा तर पैसे हवेत आणि तो वाचायला शिकवणारा हवा. मिस्त्रींचा धाकटा मुलगा आयटीआयला जातो. तो संध्याकाळी येऊन मोबाइलवरून गाडीतले एरर कोड वाचतो आणि वडील ते वहीत उतरवून घेतात. असे किती गॅरेजांत होते?

आपल्या समाजात मदरशांचा, दर्ग्यांचा आणि नबाबांचा इतिहास लिहिणारे आहेत. तोही लिहिला पाहिजे. पण बापजाद्यांनी हाताने जे केले, तो आपला इतिहास मानण्याची सवय अजून लागलेली नाही. मोहल्ल्यात कुणी जुने मिस्त्री, टर्नर, डेंटर असतील तर त्यांच्याकडे अशी एखादी वही आहे का ते विचारा. असेल तर तिचे फोटो काढून ठेवा. नसेल तर एक दुपार बसून त्यांनी कोणत्या गाड्या उघडल्या, कोणाकडे शिकले आणि कोणते काम हातात घेतले नाही, एवढे लिहून काढा. जुन्या शहरातले तीन मिस्त्री यासाठी तयार आहेत. पुढच्या महिन्यापासून मी तेच काम सुरू करतो आहे. अमरावती, बाळापूर आणि मूर्तिजापूरकडच्या वाचकांनी आपापल्या गावात हे करावे, ही विनंती.